ब्याऐंशी टक्के

सन दोन हजार अठरा. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. थंडी कडक होती.

“मग यात चुकलं काय, बाबा?”

केतकीने कागदांचा गठ्ठा कोंडिबाच्या पुढ्यात ठेवला. गठ्ठा जाड होता. वर रबर लावलेलं होतं.

कोंडिबा मिसाळ आमच्या देवठाण्याचा बहुरूपी. साठ वर्षं सोंगं काढून दारोदार फिरला. पोलीस, वकील, वैदू, अडलेली बाळंतीण. आता तोंडाचं बोळकं झालं होतं, पाठीला पोक आलं होतं. दिवसभर ओट्यावर घोंगडी घेऊन बसायचा.

केतकी शहरातल्या कॉलेजची पोर. सिनेमाचं शिक्षण घेत होती. तिच्या सोबत्यांनी एक गाणं बांधलं होतं. त्याचा व्हिडिओ करायचा होता, आणि त्यात बहुरूपी दाखवायचा होता. सोंग कसं घ्यायचं ते शिकायला ती आली होती. तीन दिवसांपासून माझ्या घरी उतरली होती.

कोंडिबाने गठ्ठ्याला हात लावला नाही.

“किती जणांना विचारलंस?”

“चारशे.”

“चारशे माणसं बोलली तुझ्याशी?”

“बोलली म्हणजे... फॉर्म भरून दिले. व्हिडिओ कोण बघणार, त्यांना काय बघायला आवडतं, हे आधी शोधावं लागतं. त्याशिवाय सर कॅमेराच देत नाहीत.”

“मग? काय आवडतं?”

“लोककला! ब्याऐंशी टक्के लोकांना लोककला आवडते. आमच्या वर्गात एवढा मोठा आकडा कुणाचाच नाही.”

“टक्के ऱ्हाऊ दे. माणसं सांग.”

“तीनशे अठ्ठावीस.”

कोंडिबाने मान वळवून गल्ली पाहिली. गल्लीत एक शेळी उभी होती.

“तीनशे अठ्ठावीस माणसांना बहुरूपी आवडतो... मग ती बसलीत कुठं? माझं सोंग बघायला तीन वर्षांत कुणी आलं नाही. ह्यो म्हातारा येतो, तो पण तंबाखू मागायला.”

म्हातारा म्हणजे मी. मी हसलो.

“हसू नका हो काका,” केतकी म्हणाली.

हसण्यासारखं खरंच नव्हतं. पहिल्या दिवशी जेवताना तिने मला आणि कोंडिबाला सगळं सांगितलं होतं. गेल्या वर्षी तिने केलेला व्हिडिओ कुणी शेवटपर्यंत पाहिला नाही. ती नापास झाली. घरी बापाला अजून माहीत नव्हतं. या सोमवारी सर आराखडा पाहणार होते. तो नापसंत झाला की कॉलेजातून नाव कमी.

ती नखं कुरतडत होती. अंगठ्याचं नख मुळापर्यंत गेलं होतं.

“मला फक्त सोंग शिकवा, बाबा. बाकीचं मी बघते. आकडे माझ्याकडे आहेत.”

कोंडिबाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

मग म्हणाला, “त्या लोकांकडं गेलीस तेव्हा काय घातलं होतंस?”

“म्हणजे?”

“अंगावर.”

“हेच. जीन्स, कॉलेजचं जॅकेट. गळ्यात ओळखपत्र. हातात टॅब.”

“कॅमेरा?”

“एका पोराकडे होता.”

“हं...”

“त्याचा काय संबंध?”

कोंडिबाने घोंगडी कानावरून ओढली.

“उद्या शिकवतो.”

“आजच शिकवा ना! चारच दिवस राहिलेत.”

“आज दाढी वाढलीय.”

तो उठून आत गेला. केतकी माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मारुतीच्या पारावर बसली होती. गावात तेवढ्याच जागी फोन लागतो. मी शेजारी दोरी वळत होतो. दर दोन मिनिटांनी ती फोन बघायची, ठेवायची, पुन्हा उचलायची.

सडकेच्या बाजूने एक साहेब आला.

सफारी, डोळ्यांवर जाड चष्मा, केस काळेभोर, दाढी तुळतुळीत. काखेत फाइल. चाल ताठ. पारापाशी येऊन थांबला.

“गावात सर्व्हे कोण करतंय?”

केतकी पटकन उभी राहिली. मांडीवरचे कोरे फॉर्म खाली पडले.

“मी... म्हणजे सर्व्हे कॉलेजचा आहे, सर. इथला नाही.”

“परवानगी?”

“कॉलेजचं पत्र आहे. खोलीवर आहे. आणू?”

“राहू द्या.” साहेबाने खालचा एक कोरा फॉर्म उचलला. उलटापालटा केला आणि तिच्याच हातात दिला. “वाचा.”

साहेब लोक वाचत नसतात, वाचून घेतात. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

“नाव...”

“तुमचंच सांगा. लोकांना विचारता ना? मग आधी स्वतः उत्तरं द्या. बघू तरी, काय विचारता.”

“केतकी सोनटक्के.”

“पुढे.”

“शिक्षण... शेवटचं वर्ष.”

“कधी नापास?”

हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. पण केतकीला ते आठवलं नाही.

“नाही सर. कधीच नाही.”

साहेबाने फाइलीत काहीतरी खूण केली. तिचं लक्ष त्या फाइलीवर होतं. खूण कसली केली ते दिसावं म्हणून ती मान उंच करत होती.

“पुढे.”

“कोणती गाणी ऐकता... शास्त्रीय. आणि लोकगीतं.”

“रोज?”

“रोज, सर.”

“पुढे.”

“व्हिडिओत काय पाहायला आवडेल... आपली संस्कृती. लोककला.”

“छान.” पुन्हा खूण. “एखादी कला शिकता?”

“हो. म्हणजे... अभ्यास करते.”

“कुणाकडे? त्या बहुरूप्याकडे? असं ऐकलं गावात. तो गुरू काय तुमचा?”

केतकी हसली. घाबरलेलं माणूस हसतं तसं.

“छे हो, सर! गुरू कसला? माहिती घेते फक्त. म्हातारा आहे, थोडा विक्षिप्त आहे... दोन दिवसांत जाणारच आहे मी.”

दोरीचा पीळ माझ्या हातातून सुटला.

साहेबाने फाइल मिटली. ती पारावर ठेवली. चष्मा काढला. मग तोंडात बोटं घालून दातांची कवळी बाहेर काढली आणि रुमालात गुंडाळली.

गाल आत गेले. पाठ वाकली.

पारापाशी कोंडिबा उभा होता.

केतकी दोन पावलं मागे सरली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. सफारी माझी होती, पोराच्या लग्नात शिवलेली. केसांचा रंगही माझ्याच घरचा.

“ही... ही काय चेष्टा आहे, बाबा?”

कोंडिबा पारावर टेकला. दम लागला होता त्याला.

“मी काय काय बोलले... तुम्ही मुद्दाम... असं फसवायचं असतं का कुणाला?”

“आमचा धंदाच हाय तो.”

“पण तुम्ही साहेब होऊन आलात म्हणून मी तसं...”

ती मध्येच थांबली.

पारावर रबर लावलेला गठ्ठा पडला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

“चारशे,” ती हळूच म्हणाली.

कोंडिबाने नाक शिंकरलं.

“बाबा... चारशेच्या चारशे?”

कोंडिबाने रुमालातली कवळी खिशात टाकली.

“मग सोमवारी मी काय दाखवू? तीन दिवसांत काय होणार? नाव कमी करतील माझं. घरी काय सांगू मी?”

“आधी माझी बिदागी.”

“काय?”

मला सांगावं लागलं. बहुरूप्याचा रिवाज आहे. माणूस फसला की सोंग उतरवायचं आणि त्याच्याकडून बिदागी घ्यायची. ती दिल्याशिवाय फसलेल्याने जागचं हलायचं नाही. मोठमोठ्या पाटलांनी पाळलंय हे.

केतकीने डोळे पुसले. पाकीट काढलं, पाचशेची नोट पुढे केली.

“हे साहेबाला दे,” कोंडिबा म्हणाला. “फायलीत बघत होतीस ना त्याच्या? त्याला दे. मला नको.”

“मग काय देऊ?”

त्याने पायाशी पडलेला एक कोरा फॉर्म उचलला, मांडीवर घासून सरळ केला आणि तिच्यापुढे धरला.

केतकीने तो घेतला. पेन घेतलं.

लिहिता येईना तिला. पेन टेकवायची आणि उचलायची. एकदा म्हणाली, “हे कोण कोण वाचणार?” समोरून दोन बाया हंडे घेऊन गेल्या. त्यांनी कोंडिबाला सफारीत पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत पुढे गेल्या.

मग ती लिहू लागली. मी शेजारीच होतो. मला चौथीपर्यंतचं वाचता येतं. तेवढं पुरलं.

शिक्षण: शेवटचं वर्ष, दुसऱ्यांदा. नापास झाले होते.

कोणती गाणी ऐकता: हळदीची. डीजेवाली. झोप येत नाही तेव्हा कानात घालून. कुणी आलं की बंद करते.

व्हिडिओत काय पाहायला आवडेल: इथे ती फार वेळ थांबली. खोडलं. पुन्हा लिहिलं. माझ्यासारखं कुणीतरी, नाचताना.

लोककला तिथे नव्हती. बहुरूपी नव्हता. कोंडिबाच्या समोर बसून तिने ते तसंच ठेवलं. मान वर केली नाही.

कला कुणाकडे शिकता: कोंडिबा मिसाळ, देवठाणा.

मग वरच्या कोपऱ्यात, जिथे फॉर्मचा नंबर घालायची जागा असते, तिथे तिने चारशे एक घातला नाही. एक घातला.

कागद दोन्ही हातांनी पुढे केला.

“वाचून दाखवू, बाबा?”

“नको.”

कोंडिबाने कागदाची घडी घातली. पुन्हा घातली. सफारीच्या वरच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

“बिदागी पोचली,” तो म्हणाला.