महिपतची पाव फेरी

नदीपलीकडच्या गावात महिपत नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती? दाराकडे लक्ष ठेव म्हटलं, की चोराने खिडकीतून भांडी नेली तरी हा दाराकडेच बघत बसायचा. पिठाची गिरणी, दूध डेअरी, पोल्ट्री, सगळीकडून त्याला हाकलून झालं होतं. शेवटी इंदूबाई खांबेट्यांच्या मंगल कार्यालयात तो झाडलोटीला लागला. त्याची बायको छबू तिथे भटारखान्यात पोळ्या लाटायची, तिनेच शब्द टाकला होता. पहिल्याच दिवशी तिने बजावलं, "ही नोकरी गेली तर मी माहेरी. मागं यायचं नाही."

महिपत घाबरला. आता बाई सांगतील तेच करायचं, तसूभर इकडंतिकडं करायचं नाही, असं त्याने ठरवलं. झालं, तिथंच सगळं बिघडलं.

हॉलच्या कोपऱ्यात खिडकीपाशी कुंडीत बाईंचा लाडका पाम होता. तो सगळाच्या सगळा खिडकीकडे झुकलेला. भिंतीकडच्या अंगाला तीन केविलवाणी पानं, बाकी सगळा संसार खिडकीत. बाई म्हणाल्या, एवढा पाम सरळ कर.

महिपतने कुंडीखाली एका बाजूने वीट सारली. पाम सरळ झाला, कुंडी वाकडी झाली. संध्याकाळपर्यंत निम्मी माती फरशीवर आली.

बाईंनी कपाळावर हात मारला. मग समजावून सांगितलं. झाडाला उजेड एकाच अंगाने मिळतो, म्हणून ते तिकडे ओढ घेतं आणि मागची बाजू विरळ पडते. विटेने काय होणार? दर सोमवारी कुंडी पाव फेरी फिरवायची, नेहमी एकाच दिशेने. चार सोमवारी फेरी पुरी होते, सगळ्या अंगांना उजेड लागतो, झाड आपोआप सरळ वाढतं. "उजेडाकडं झुकलेलं दिसलं की पाव फेरी. ध्यानात ठेव."

महिपतने ध्यानात ठेवलं.

सोमवारी कुंडी फिरवून तो वळला, तर समोर बाईंचे सासरे, अण्णा. वय पंच्याऐंशी, पाठीत पार वाकलेले, खिडकीकडे तोंड करून खुर्चीत डुलक्या घेत होते. महिपतने त्यांना खुर्चीसकट पाव फेरी फिरवलं. अण्णांनी डोळे उघडले तर समोर नुसतं पांढरंफटक. भिंत होती ती, पण आपली दृष्टी गेली असं समजून त्यांनी कार्यालय डोक्यावर घेतलं.

बाई धावत आल्या. म्हणाल्या, अरे, न विचारता कुणाला हलवतात का? आधी विचारावं, हो म्हटलं तरच हात लावावा.

"चुकलं, बाई," महिपत म्हणाला.

पुढच्या सोमवारी तो पामसमोर हात जोडून उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, "फिरवू का?" पाम काही बोलला नाही. महिपत चहा पिऊन आला, परत विचारलं. पाम गप्पच. असे सहा सोमवार गेले. पामने गजातून दोन पानं बाहेर काढली.

आता मात्र बाई भडकल्या. "अरे शहाण्या, जो बोलत नाही त्याला काय विचारायचं? त्याला गुपचूप फिरवायचं. आणि ठरलेली वेळ चुकवायची नाही. यापुढं एक चूक झाली तर तू घरी."

छबूने ते आतून ऐकलं. तिने माहेरची पिशवी भरली आणि भटारखान्यातल्या खुंटीला टांगून ठेवली.

त्याच आठवड्यात कार्यालयात एक लग्न होतं. नवरदेव गरीब गाय. आत्याने त्याला सांगून ठेवलं होतं की मान खाली घालायची, बोलायचं नाही आणि कुणी हलवेल तसं हलायचं. जेवायला उशीर होतोय म्हणून वरपक्षाची कुरकुर चालली होती, तेव्हा जोशीबुवा म्हणाले, आठ कशाला, पाच मंगलाष्टकांत उरकू.

अंतरपाट धरला. एका टोकाला खुद्द जोशीबुवा, दुसऱ्या टोकाला त्यांचा भाचा. व्हिडिओवाल्याने एका बाजूने मोठा दिवा मारला. त्या उजेडाकडे नवरदेवाची मान जराशी कलली.

नवरदेवामागे अक्षतांचं ताट घेऊन महिपत उभा होता. त्याने नवरदेवाकडे निरखून पाहिलं. उजेड एकाच अंगाने. झुकलाय. बोलत नाही. आता वेळ कोणती धरायची? तेवढ्यात बुवा ओरडले, "सावधान!"

महिपतने ताट खाली ठेवलं आणि नवरदेवाला गुपचूप पाव फेरी फिरवलं.

नवरदेव फिरला. आत्याने सांगितलंच होतं. नवरीला अंतरपाटाआडून काही दिसेना. बुवा आणि भाचा डोळे मिटून आळवत होते, करवली स्वतःचा फोटो काढत होती आणि वऱ्हाडाचा जीव जिलेबीत होता. दुसरं सावधान, पाव फेरी. तिसरं, चौथं. पाचव्यालाही महिपतने वेळ चुकवली नाही.

ताशे वाजले, अंतरपाट निघाला. नवरदेवाने खाली मान घालूनच हार उचलला आणि पुढ्यातल्या गळ्यात घातला. गळा जोशीबुवांचा होता.

ताशेवाले थांबले. नवरीने हातातला हार खाली केला. नवरीचा मामा बाह्या सरसावत पुढे झाला. भटारखान्यात छबूने खुंटीवरची पिशवी काढली. इंदूबाई गर्दीतून वाट काढत महिपतपुढे येऊन उभ्या राहिल्या.

महिपतही थोडा नाराजच होता. त्याने ताट उचललं आणि म्हणाला, "माझी चूक नाही, बाई. आठाऐवजी बुवांनी पाचच म्हटली. अजून तीन म्हणायला सांगा, नवरदेव येतोय बरोबर जागेवर."