दोन कबुतरं

“पण बाबा, एवढ्या गर्दीत एकाच्याही काळजाला पाझर फुटू नये?”

आमोस भिंगारदिवे धर्मशिक्षणाच्या परीक्षेत पहिला आला होता आणि ते विसरायची त्याची अजून तयारी नव्हती. उद्या उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. इथल्या चर्चच्या मंडळीपुढं त्याचा पहिलाच संदेश, पहिलंच प्रवचन. आई सकाळच्या एसटीनं मामा-मावश्यांचं लटांबर घेऊन ऐकायला येणार होती. फक्त चर्च सांभाळणाऱ्या पाळकबाबांनी ‘बोल’ म्हणायचं बाकी होतं, आणि म्हातारा ओसरीवर बसून निवांत कांदे चिरत होता.

“कुठल्या गर्दीत?” पाळकबाबांनी विचारलं.

“पिलातापुढच्या. त्या रोमी सुभेदारानं सणाला एक कैदी सोडायचा म्हणून लोकांपुढं दोघं ठेवले. एक बरब्बा, दंगेखोर, खुनी. दुसरा आपला प्रभू, निर्दोष. तरी लोक म्हणाले, बरब्बाला सोड, याला वधस्तंभावर दे. माणसं होती का दगड? उद्या मी त्यांची चांगली हजेरी घेणार आहे.”

“आणखी काय सांगशील?”

आमोसची कळी खुलली. “शास्त्रातले सगळे बळी सांगणार. झुडपात शिंगं अडकलेला अब्राहामाचा एडका. वल्हांडण सणाचं कोकरू. कापायला नेलं तरी तोंड न उघडणारं मेंढरू. लेवीय पुस्तकातले दोन पक्षी, एक मारायचा, एक रानात सोडून द्यायचा. सगळ्यांत प्रभूची खूण आहे, बाबा. मला तोंडपाठ आहे.”

“असेल...”

पाळकबाबांनी हातातला कांदा संपवला.

“खुराड्यातून दोन कबुतरं घेऊन ये.”

ही कबुतरं म्हणजे म्हाताऱ्याचा जीव. त्याच्या तळहातावरचे दाणे टिपायची. आमोस दोन हातांत दोन घेऊन आला. डाव्या हातातलं मुकाट आलं. उजव्यातलं मात्र भलतंच तिखट. त्यानं चोच मारून मारून आमोसचा अंगठा लाल केला.

पाळकबाबांनी कांद्याची सुरी धोतराला पुसली आणि त्याच्यापुढं धरली.

“यातलं एक सोड. एक काप.”

आमोस हसला. पाळकबाबा हसले नाहीत.

“बाबा... तुमची कबुतरं आहेत ही.”

“माझीच आहेत.”

“पण आपल्याला आता असले बळी लागत नाहीत.”

“ते मला शिकवू नकोस. उद्या बोलायचंय ना?”

ज्या माणसानं कधी मुंगी चिरडली नाही, तो हे बोलत होता. त्याला वाटलं, सरळ नाही म्हणावं आणि चालू पडावं. मग डोळ्यांपुढं आई आली, पहिल्या बाकावर नवं लुगडं नेसून बसलेली...

त्यानं उजवा हात उघडला. ते तिखट कबुतर फडफडत चर्चच्या कौलांवर जाऊन बसलं.

रिकाम्या झालेल्या हातानं त्यानं सुरी घेतली. डाव्या मुठीत कबुतराचं काळीज धडधडत होतं. पण त्यानं मान वळवली नाही की पंख हलवला नाही. आमोसनं डोळे मिटून घेतले आणि सुरी त्याच्या मानेशी नेली.

“थांब,” पाळकबाबा म्हणाले. “दोन्ही माझ्याच खुराड्यातली. मग हेच का?”

“ते चोच मारत होतं, बाबा. हे आपलं गप्प होतं...”

बोलून गेला, आणि आपलेच शब्द त्याला ऐकू आले.

सुरी फरशीवर पडली. बाबांनी थांबवलं नसतं तर आपण खरंच कापलं असतं. उद्या चार लोकांत मिरवायला मिळावं म्हणून कापलं असतं. त्याला स्वतःचीच भीती वाटली, आयुष्यात पहिल्यांदा.

कबुतर अजूनही गप्पच होतं.

पाळकबाबांनी ते त्याच्या मुठीतून अलगद सोडवून घेतलं आणि आपल्या खांद्यावर बसवलं. सुरी धुतली. कांद्याच्या ताटात ठेवली.



“उद्या तुम्हीच बोला, बाबा,” आमोस शेवटी म्हणाला. “माझी लायकी नाही.”

“उद्या तूच बोलायचं,” पाळकबाबा म्हणाले. “आता तू त्या गर्दीत जाऊन आलास.”