घागरीमागे एक करवंटी

बाळांनो, आणि बाळांच्या आयांनो, मला एक सांगा बरं. तुम्ही दिवसभर दुसऱ्याच्या घरी राबलात आणि संध्याकाळी त्यांनी विचारलं, "तुमचं काय द्यायचं?" तर तुम्ही काय म्हणाल?

सगुणा नावाच्या एका बाईने याचं एक उत्तर दिलं होतं. ते चुकलं कसं आणि सुधारलं कसं, त्याची ही गोष्ट.

खूप खूप वर्षांपूर्वी एका टेकडीवर एक गाव होतं. गावात सगळं होतं, फक्त पाणी नव्हतं. पाणी होतं टेकडीच्या पायथ्याला, एका बारवेत, साठ पायऱ्या उतरून.

या गावात सगुणा राहायची. नवरा वारल्यावर भावाने तिला आपल्या घरी नेलं. तिथे तिला काही कमी नव्हतं. भाऊ प्रेमळ, वहिनी त्याहून प्रेमळ. पण दोन हात धडधाकट असताना बसून खाल्लेली भाकरी तिच्या घशाखाली उतरेना. एक दिवस ती म्हणाली, "दादा, मी माझ्या घरी जाते. लोकांची घरं झाडून, पुसून, लख्ख करून देईन आणि माझं पोट भरीन."

भाऊ म्हणाला, "जा. पण दुसऱ्या पौर्णिमेला मी गाडी घेऊन येईन. तुझ्या रांजणात महिन्याची ज्वारी दिसली तर गाडी रिकामी परत नेईन. नाही दिसली, तर मुकाट्याने गाडीत बसायचं."

सगुणाने झाडू बांधला, रिठे भिजवले, राख चाळली आणि काम सुरू केलं. काम असं करायची की जमिनीत तोंड दिसावं. पण कुणी "काय द्यायचं?" विचारलं की ती मान खाली घालून म्हणायची, "द्याल ते द्या. प्रेमाने दिलेलं गोड."

सराफाच्या वाड्यात सात खोल्या. सराफीणबाईंनी दोन दिवस राबवून घेतलं आणि पदरात मूठभर ज्वारी टाकली. वर म्हणाल्या, "तू काय गं, घरचीच!"

तेलिणीचं घर एका खोलीचं. पण भिंतींवर वर्षानुवर्षांचा तेलाचा थर. सगुणाने तो खरवडून काढला. तेलिणीला काय द्यावं कळेना. कमी दिलं तर बाईला वाईट वाटेल, म्हणून तिने सूपभर ज्वारी दिली. सगुणाने हात जोडले. तिला वाटलं, जगात चांगली माणसं आहेत.

होतीच. पण दुसऱ्या दिवशी विसरलेला झाडू आणायला ती तेलिणीकडे गेली, तर घरात सगळे जण पातळ कण्या पीत बसलेले.

"आज भाकरी नाही का गं?" सगुणाने विचारलं.

तेलीण हसून म्हणाली, "चार दिवसांनी बाजार आहे ना. तोवर कण्याच बऱ्या."

सगुणाला सगळं उमगलं. झाडू घेऊन ती सरळ बारवेवर गेली आणि पायरीवर बसून रडली. घरी रांजणात तेलिणीची ज्वारी धरूनही जेमतेम तळ झाकला होता, आणि पौर्णिमा पंधरा दिवसांवर आली होती.

बारवेवर एक म्हातारा पखालवाला असायचा. कातड्याच्या पखालीत पाणी भरून, रेड्यावर लादून तो गावात पाणी पोचवायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"पोरी, सराफीण तर कमी देणारच होती," तो म्हणाला. "पण तू भाव सांगितला नाहीस, म्हणून तेलीण उपाशी राहिली."

"पण बाबा, भाव सांगणं बरं दिसतं का?"

"मी सांगतोच की! पाणी देवाचं, त्याचं मी काही घेत नाही. मी पायऱ्यांचं घेतो. आणि माझ्या रेड्याला सातवा दिवस विसाव्याचा. त्या दिवसाची वैरण बाकीच्या सहा दिवसांनीच कमवायची असते. हे धरलं नाही, तर रेडाही जाईल आणि पखालही."

सगुणा रात्रभर नाही, पण दिवा मालवेपर्यंत विचार करत राहिली. खोल्या मोजून उपयोग नाही. घर किती मळलंय ते पाणीच सांगतं. मग तिने नारळाची एक करवंटी घासून गुळगुळीत केली आणि गावात सांगितलं, "घर साफ करायला जितक्या घागरी पाणी, तितक्या करवंट्या ज्वारी. झाडू, राख, रिठे माझे. दर घागरीला मी उंबऱ्यावर एक चिंचोका ठेवीन. तुम्हीही मोजा, मीही मोजते."

सराफीणबाई कडाडल्या, "करवंटी बरी शोधून काढलीस गं मोठी! आमच्याकडे सोनं मोजतात. झाडलोट कुणी मोजतं का?"

"बाई, सोनं तुमचं, म्हणून तुम्ही मोजता," सगुणा हळूच म्हणाली. "कंबर माझी आहे."

तीन दिवस तिला कुणीच बोलावलं नाही.

चौथ्या दिवशी तिने एक वेडेपणा केला. तेलिणीच्या घराला बारा घागरी लागल्या होत्या. सूपभर ज्वारी मोजली तर वीस करवंट्या भरली असती. मिळतील तिथून दाणे गोळा करून, रांजण पालथा करून तिने आठ करवंट्या ज्वारी तेलिणीला परत नेऊन दिली. "हे तुझं आहे," म्हणाली.

मग तेलीण बाजारात गेली. तेल घ्यायला येणाऱ्या प्रत्येकीला तिने ही गोष्ट सांगितली.

दुसऱ्या दिवशी कुंभारीण आली. "तुला केव्हाचं बोलवायचं होतं गं. पण काय द्यावं हेच कळेना. कमी दिलं तर लाज, जास्त द्यायला घरात नाही. आता बरं झालं. पाच घागरींत भागेल ना माझं?" तिच्यामागून साळीण आली, सुतारीण आली. शेवटी सराफीणबाईंनीही बोलावलं. त्यांनी चिंचोके दोनदा मोजले, पण ज्वारी पुरी दिली.

पौर्णिमेला संध्याकाळी भावाची गाडी दाराशी थांबली. त्याने रांजणात हात घातला. हात मनगटाच्या वर बुडेना, इतका रांजण भरला होता. तो हसला आणि म्हणाला, "आता तुझी वहिनी माझ्यावर चिडणार. तिने तुझ्यासाठी खोली सारवून ठेवलीय!"

"किती घागरी लागल्या विचार तिला. तितक्या करवंट्या देते पाठवून," सगुणा म्हणाली, आणि दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग ती म्हणाली, "दादा, काहीच जमलं नाही तरी तुझी गाडी येणार हे ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलावलं नाही ते तीन दिवसही मी उभी राहू शकले."

मुलांनो, कष्टाचं मोल जो आधी आणि सरळ सांगतो, तो आपलीही लाज राखतो आणि समोरच्याचीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाची गाडी रिकामी परत गेली, आणि सगुणाने पखालवाला येण्याआधी बारवेच्या साठही पायऱ्या स्वच्छ झाडल्या, एकही चिंचोका न ठेवता.