रंगमहालातल्या टोपल्या

"सूनबाई मुकी आहे, वर उपाशीही राहते. एवढ्या मोठ्या घरात आली, तरी दोन घास गिळवत नाहीत पोरीला," सासूबाई चुलीपाशी कुजबुजल्या. त्यांच्या मते ती कुजबुज होती. भिंतीपलीकडे कणगीमागे बसून मी लाडू खात होते.

त्या घरात जेवायचं म्हणजे मधल्या पाटावर बसायचं, उखाण्यात ह्यांचं नाव घ्यायचं आणि मग घास तोंडात जाताना घरभरच्या माणसांनी पाहायचं. माझा घास अर्ध्या वाटेवरूनच परत यायचा.

"सुनेचं राहू दे," मामंजी म्हणाले. "अजगराची पिल्लं जेवेनात. ती मेली तर आपलं घर गेलं."

उरलेला लाडू मी पदराला बांधला.

मामंजी राजा उदयभानाच्या सर्पशाळेचे रखवालदार. शेजारच्या राजानं भेट म्हणून अजगराची चार पिल्लं धाडली होती, हातभर लांबीची. राजानं हौसेनं त्यांना अख्खा रंगमहाल दिला, झुंबरं आणि आरशांसकट. अर्धा दरबार रोज बघायला हजर. पिल्लं बिचारी खांबाआड गुंडाळी करून पडलेली आणि त्यांच्यासाठी सोडलेला उंदीर महालभर हुंदडतोय.

"जागा लहान करू या, महाराज," असं मामंजींनी सुचवून पाहिलं होतं.

"माझे पाहुणे खुराड्यात? महाल बोटभरही लहान व्हायचा नाही. पिल्लंही बाहेर न्यायची नाहीत. आणि पौर्णिमेपर्यंत जेवली नाहीत, तर घर खाली करा."

दुसऱ्या दिवशी मामंजींची शिदोरी घेऊन मी रंगमहालात गेले. आरशांच्या मधोमध पिल्लांचे चेहरे पाहिले. ते चेहरे माझ्या चांगल्याच ओळखीचे होते.

मी घरी येऊन रुखवताच्या झाकणाच्या टोपल्या काढल्या. पिल्लू कडेकडेनं पसरलं तर वेढा जेमतेम पुरा व्हावा, एवढ्या. आत सुका पाला घातला आणि टोपल्या महालात नेऊन मांडल्या.

"अगं, हे काय?" मामंजींनी विचारलं. मी फक्त पिल्लांकडे बोट दाखवलं. त्यांनी टोपलीत एकेक पिल्लू आणि एकेक उंदीर सोडला. मी झाकणं लावली आणि दरबाऱ्यांच्या तोंडावर दारही लावलं.

पौर्णिमेला राजा आला. सासूबाईही आल्या, घर जातंय की राहतंय ते बघायला. झाकणं उघडली, तर चारही पिल्लांची पोटं टम्म!

राजाचं लक्ष मात्र टोपल्यांवर. "माझा हुकूम कुणी मोडला?"

मामंजींनी हात जोडले. मी पुढे झाले.

"मोडला नाही, महाराज. महाल मापून घ्या, तेवढाच आहे. पिल्लंही महालातच आहेत."

सासूबाईंचा हात तोंडावर गेला. सून बोलत होती.

"मग टोपल्या कशाला?"

"जीव लहान आणि जागा अफाट, त्यात सगळ्यांचे डोळे आपल्या तोंडाकडे. घास उतरायचा कसा? कात टाकतील तशी मोठी टोपली द्या. अंगानं भरली की महालही पुरणार नाही त्यांना."

"साप होतीस की काय गेल्या जन्मी?"

"नाही महाराज. ह्या जन्मी सून आहे."

राजा असा हसला की पगडी टोपलीत पडली. पिल्लू लगेच तिच्यात जाऊन बसलं.

"राहू दे, त्याला बरोबर बसतेय," राजा डोळे पुसत म्हणाला. "रखवालदार, घर तुमचंच. आणि पोरी, तुला काय हवं?"

"माजघराला एक पडदा. मी काही दिवस त्याच्याआड जेवेन."

"दिला. रेशमी!"

"अगंबाई," सासूबाई पुटपुटल्या, "आणि उखाणा?"

"उखाणा तुम्ही घ्या ना, सासूबाई," मी म्हटलं. "मी जेवता जेवता ऐकेन."