घोणसगडची गाडी आणि ताकाचा पेला

घोणसगडच्या बाळोजीराजांना नवी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घ्यायची होती, आणि तिला धक्के झेलणारं सस्पेन्शन कुठलं घ्यावं यावर घोडं अडलं होतं. राज्य जाऊन तीन पिढ्या झाल्या होत्या, पण राजेसाहेबांचा हट्ट अजून संस्थानीच होता!

"राजवाड्यापासून गडाच्या माथ्यापर्यंत गाडी न्यायची," त्यांनी शोरूमच्या खांबेट्यांना बजावलं. "गाडीत काठोकाठ भरलेला ताकाचा पेला. थेंब सांडता कामा नये! असं सस्पेन्शन दाखवा, त्याच क्षणी गाडी घेतो."

खांबेटे गडाच्या वाटेकडे बघून गार पडले. ती वाट नव्हतीच. नुसते धोंडे होते, आणि धोंड्यांच्या मधे खड्डे! पण गिऱ्हाईक राजा होता. ते म्हणाले, "होऊन जाईल, सरकार!"

सोमवारी त्यांनी चाचणीची गाडी आणली. जमिनीपासून हातभर उंच, कडक स्प्रिंगा, पुढे दोर ओढणारी विंच, टपावर सहा दिवे, बॉनेटशेजारी खोल पाण्यात इंजिनाला श्वास घ्यायची नळी. खांबेटे चालवायला बसले, पेला धरून हुजऱ्या बसला आणि मागच्या सीटवरून राजेसाहेब ओरडले, "हाण!"

पहिल्याच धोंड्यावर ताक हुजऱ्याच्या मिशांना लागलं. दुसऱ्यावर टपाला!

गुरुवारी खांबेट्यांनी मऊ स्प्रिंगा लावून आणल्या. "आता गादीवर बसल्यासारखं वाटेल, सरकार."

"हाण!"

गाडी गादीसारखी डुलली, गादीसारखी दबली आणि पोटाखाली धोंडा घेऊन बसली. चारही चाकं हवेत फिरत राहिली. ताक हुजऱ्याच्या कॉलरमधून आत गेलं. गाडी शेवटी चार बैल जुंपून राजवाड्यापर्यंत ओढत आणली. राजेसाहेब राजवाड्याच्या अंगणात उतरून कंबर चोळू लागले, तेवढ्यात कुणीतरी खुदकन हसलं.

"कोण हसलं?"

"मी, सरकार!" सगुणा ढेबे म्हणाली. गडाच्या कुशीतल्या वाडीचं दूध ती रोज आपल्या जुन्या जीपमधून खाली आणायची. त्याच वाटेनं. दुधाचे कॅन उतरवता उतरवता तिनं बैल बघितले होते, आणि हसू काही आवरलं नव्हतं.

"हसतेस? मग तूच निवड सस्पेन्शन! थेंब सांडला नाही तर मागशील ते देईन. सांडला, तर तुझं ते डबडं आमच्या वाटेवरून कायमचं बंद!"

दुसरी वाट नव्हतीच. वाडीच्या चाळीस घरांचं दूध घरातच नासलं असतं. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली बघितलं आणि पदर खोचला.

"खांबेटेसाहेब, कंपनीनं दिलेल्या मूळच्या स्प्रिंगा परत लावा. विंच, दिवे, नळी सगळं काढा. गडावर काय समुद्र आहे?"

"पण बाई, ते ऑफ-रोडचं खास पॅकेज आहे!"

"असंल. पण ते गाडीला पाहिजे का तुम्हाला?"

रविवारी गाडी तयार झाली. सगुणा चारही टायरांपाशी बसली आणि सस्स... सस्स... थोडी थोडी हवा सोडू लागली.

"अगं, हवा काय काढतेस?" राजेसाहेब ओरडले.

"टायरांची, सरकार. तुमची नाही!"

हुजऱ्याला ठसका लागला. सगुणा उभी राहिली. "टायर जरा मऊ असला की दगडाला धरून चालतो. आता एकच अट. पेला तुम्ही धरायचा. हुजऱ्याचा हात थरथरला, तर दोष हाताचा का गाडीचा, कसं कळणार? तुमचा हात तलवार पेललेल्या घराण्याचा!"

राजेसाहेब फुलले. "आण इकडे!"

त्यांच्या अंगावर आजोबांचा पांढरा रेशमी अंगरखा होता, गडावर फोटो काढायचा म्हणून खास घातलेला. सगुणानं त्यांना पुढे शेजारी बसवलं, पेला काठोकाठ भरून हातात दिला आणि गाडी सुरू केली. पहिला धोंडा आला.

"हाणू का, सरकार?"

"नको! हळू!"

दुसरा धोंडा आला. "आता हाणू?"

"अगं बाई, हळू! तो खड्डा बघ! डावीकडून घे... थांब, मला नीट धरू दे... हं, आता सोड. हळू!"

वाटभर असंच चाललं. गाडीला वासरं मागे टाकून गेली. एक म्हातारी मोळी घेऊन पुढे गेली आणि जाताना म्हणाली, "बंद पडलीय का?" राजेसाहेबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचे डोळे पेल्यावर होते आणि तोंडात एकच शब्द होता.

दीड तासानं गाडी माथ्यावर टेकली. मागे बसलेल्या खांबेट्यांनी वाकून पाहिलं. पेला काठोकाठ! अंगरखा कोरडा!

"शाब्बास!" राजेसाहेब थक्क झाले. "खरं सांग, कुठलं सस्पेन्शन लावलंस?"

"गाडीला साधंच आहे, सरकार. भारीतलं तुमच्या तोंडाला लावलं. गुरुवारपर्यंत ते 'हाण' म्हणत होतं, आज 'हळू' म्हणायला लागलं!"

खांबेटे दाराची कडी चाचपू लागले. मग राजेसाहेब हसले. इतके गदागदा हसले, की सगळं ताक अंगरख्यावर सांडलं!

"हे धरायचं नाही हां!" सगुणा घाईनं म्हणाली. "गाडी थांबल्यावर सांडलंय!"

"नाही धरत! माग काय मागायचं ते!"

"आठवड्यातनं दोन दिवस ही गाडी वाडीच्या दुधाला द्या."

"खांबेटे, गाडी घेतली! आणि दोन दिवस वाडीला दिली! तुझ्या जीपला ही वाट कायमची मोकळी! आणखी काही?"

"एकच, सरकार. त्या दोन दिवशी तुम्ही गाडीत बसायचं नाही."

"का गं?"

"तुम्ही सवयीनं 'हाण' म्हणाल, आणि खाली पोचेपर्यंत सगळ्या दुधाचं लोणी होईल!"

राजेसाहेब पुन्हा हसत सुटले आणि हसता हसताच त्यांनी खांबेट्यांकडून गाडीची जादा किल्ली घेऊन सगुणाच्या ओंजळीत टाकली.