भास्वतीचे ब्रह्मासन

पूर्वी कृतयुगात, व्याघ्र आणि हरिणी रेवा नदीच्या एकाच उतारावर पाणी पिऊन, एकमेकांचे कुशल विचारूनच वनात परतत असत त्या काळी, ऋक्षपर्वताच्या पायथ्याशी ब्रह्मवादिनी भास्वतीचे गुरुकुल होते. औदुंबरांच्या दाट छायेत अखंड वेदघोष चाले. होमधूमाने वेली काळवंडत आणि तरीही फुलत. यज्ञात कुलमाता भास्वती वेदीच्या दक्षिणेला, ब्रह्मासनावर मौन धरून बसे. ऋत्विजांचे चुकले तरच बोले, आणि बोलली की भल्याभल्यांची गाळण उडे. तिच्या तपाने संतुष्ट झालेल्या अग्नीचा वर होता, की त्या आसनासमोरची चूक जोवर सावरल्यावाचून राहत नाही, तोवर राक्षसाचे पाऊल वेदीला शिवणार नाही. म्हणूनच महादंष्ट्र राक्षस विघस दक्षिणेच्या अरण्यात लाळ गाळीत बसून होता.

पण वार्धक्य काही तपाला भीत नाही. भास्वतीचे कान मंदावले, ध्यान ढळू लागले. तिला वाटे, हल्ली शिष्य फार तयार झालेत. कुणाला टोकावेच लागत नाही! त्याचा तिला मोठा अभिमान.

दीर्घसत्राच्या समाप्तीला ज्येष्ठ शिष्य पिंगाक्षाने पूर्णाहुतीसाठी तुपाची पळी, स्रुचा, उचलली. भास्वती प्रसन्न मुद्रेने पाहत होती. तोच धूर दक्षिणेकडे वळला, भूमी कापली, आणि विघसाचे पर्वतप्राय पाऊल वेदीच्या काठावर पडले.

"थांबा! रुद्राचा भाग राहिला!" सामगान करणाऱ्या उद्गात्यांतला शिष्य शुचिव्रत ओरडला आणि धावत जाऊन त्याने रुद्राच्या नावे आहुती दिली. ज्वाला उसळली, विघस किंचाळत अरण्यात फेकला गेला.

ब्रह्मासनावर कुलमाता विराजमान असता दुसऱ्याने चूक काढावी? भास्वतीचा संताप मस्तकाला भिडला. तिने कमंडलूतले शापोदक ओंजळीत घेतले; एकदा घेतलेले ते जल फळ दिल्यावाचून राहत नसे.

"द्या शाप, माते!" पिंगाक्ष गरजला. "आम्ही इतके दिवस निभावून नेले, आणि या उद्धटाने भर सभेत..." त्याने जीभ चावली.

"काय निभावून नेलेत? बोल ना, आता का दातखीळ बसली? शुचिव्रता, तू सांग."

"माते, वर्ष झाले, चुका आपल्या ध्यानात येत नाहीत. ही मंडळी खुणा करून सावरून घेतात. मलाही म्हणाले, गप्प बैस, म्हातारीचे मन मोडेल."

"म्हातारीचे?"

"शब्द पिंगाक्षाचा, माते. मी फक्त पोचवला."

ज्याला ती मान समजत होती, ती दया होती! आणि तरीही, त्या क्षणी ते आसन तिला स्वतःच्या अस्थींहून प्रिय वाटले.

तेव्हा वेदीतून साक्षात अग्नी प्रकटला. "भास्वती, खंत कशाला? तुला तारुण्य देतो. आणखी एक युग बैस."

मोह झाला, नाही असे नाही. पण ती हसली. "देवा, मी आणखी एक युग बसले, तर ही सगळी आणखी एक युग लेकरेच राहतील. माझ्या कानांत तेज घालू नकोस. या शुचिव्रताच्या जिभेवर आहे, ते राख."

मग कुणाचाही आधार न घेता ती उठली. "शुचिव्रता, मान वाकव."

शाप आला, असे समजून त्याने डोळे मिटले. ओंजळ त्याच्या मस्तकावर रिती झाली.

"झाला तुझा अभिषेक! आसन तुझे, अग्नीचा वरही तुझा. आणि तुझ्यापुढे जो खोटी मान डोलावील, त्याची वाचा तिथेच खिळो."

"माते, मला पेलेल हे?"

"मला काय पहिल्याच दिवशी पेलले होते? बैस. पाठ ताठ ठेव, विघस बघतोय."

ती शिष्यांच्या रांगेत जाऊन बसली आणि सर्वांआधी हात जोडून म्हणाली, "आज्ञा, कुलपते."

शुचिव्रत आसनावर बसला. "पूर्णाहुती होऊ दे. माते, क्षमा असावी... ती जागा उद्गात्यांची. आपण पलीकडे बसावे."

भास्वती खळखळून हसली आणि पलीकडे सरकली.

त्या पूर्णाहुतीच्या तेजाने विघस जागच्या जागी शिळा झाला. त्या गुरुकुलात मात्र नेम पडला, की कुलपतीने आपल्या पायांनी आसनावरून उतरावे, आपल्या हातांनी पुढच्याला बसवावे, आणि मग त्याचे खडे बोल निमूट ऐकून घ्यावेत. तो नेम चालला तोवर दक्षिणेकडून कुणाचे पाऊल वेदीवर पडले नाही.