उतावळी तळी

फार पूर्वी, दगड बोलत असत आणि माणसांना ऐकायला सवड नसे, तेव्हाची गोष्ट. सगुणाच्या जात्याची वरची तळी भारी उतावळी होती. सगुणाने खुंटा सोडला तरी तिला फिरतच राहावंसं वाटे. पण खालची खरखरीत तळी तिला जागीच थांबवी.

"सोड ना गं मला! सारखी मेली घासतेस," वरची करवादे.

"घासते म्हणून तर आपण जातं," खालची म्हणे.

वर्षं गेली. घासून घासून दोघी गुळगुळीत झाल्या. आता खुंटा सोडला तरी वरची गरगरत राही. जात्यांना छिन्नीने टाकी लावणारी तुळसा दारावर आली, तेव्हा सगुणा म्हणाली, "नको बाई, आमचं जातं कसं फुलासारखं फिरतंय!" वरचीला आभाळ ठेंगणं झालं.

पण दुसऱ्या दिवशी जोंधळे जात्यातून आख्खेच बाहेर पडले. पुन्हा घातले, पुन्हा आख्खेच!

"न्हाणीत टाकते मेल्याला, धुणं आपटायला," सगुणा कडाडली.

न्हाणीतला दगड जन्मात जागचा हलत नाही. वरची ओरडली, पण ऐकतंय कोण? सगुणाने तिला उचललं, तेव्हा हात आतून फिरला. "अगोबाई, हिचा तर आरसा झालाय!" म्हणत ती तुळसामागे धावली.

छिन्नीचे घाव वरचीने निमूट सोसले. पहाटे जातं जड फिरू लागलं, घरघरलं, आणि भोवती पांढरंशुभ्र पीठ सांडलं.

"सोडू का गं?" खालचीने विचारलं.

"गप," वरची धापा टाकत म्हणाली, "घट्ट धर."